तोडणारा आणि तपासणारा वेगळा हवा: वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



महाराष्ट्राच्या दर पाच एकरांतला जवळपास एक एकर सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेला आहे. सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर. आपल्या खात्याएवढा मोठा जमीनदार या राज्यात दुसरा नाही आणि ही जमीन सरकारी, म्हणजे आम्हा सर्वांची आहे. तिच्यावरचे कोणते झाड तोडायचे हे खाते ठरवते. झाडावर हातोड्याचा शिक्का खाते मारते. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, खातेच पाडते किंवा सरकारच्याच वन विकास महामंडळाकडून पाडून घेते. लाकूड डेपोत लिलावाला लागते तेही त्यांच्याच हातून. कोणता कक्ष चराईला बंद, कोणता खुला, हे ठरवणारे तेच. गुरे शिरली तर वनगुन्हा नोंदवणारे तेच. आणि शेवटी हे सगळे नियमाप्रमाणे झाले का, याचा निर्वाळाही तेच देतात. एवढ्या लांब साखळीत बाहेरचा माणूस कुठेच नाही.

म्हणून हे पत्र. सरकारी वनजमिनीवरची तोड आणि चराई यांची तपासणी करणारे, खात्यापासून पूर्ण स्वतंत्र असलेले मंडळ कायदा करून स्थापन करावे, एवढीच मागणी आहे.

ही मागणी वनरक्षकांवरच्या अविश्वासातून आलेली नाही. शेकडो हेक्टरचे बीट एकट्याने, बहुतेक वेळा पायी सांभाळणारा माणूस काय सोसतो, हे जंगलालगतच्या गावांना चांगले ठाऊक आहे. वणवा विझवायला तोच, वाघाने गाय मारली तर पंचनाम्याला तोच, लाकूडचोरांसमोर काठी घेऊन उभा तोच. वरून आलेला चुकीचा आदेश पाळायचा की नाही, हा पेचही त्याच्याच वाट्याला येतो. त्याला तक्रार करायची झाली, तर ती ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याकडेच करावी लागते. स्वतंत्र मंडळाची गरज सगळ्यांत आधी कुणाला असेल, तर या प्रामाणिक वनरक्षकाला.

बाहेरच्या माणसाने जाऊन मोजले की काय उघड होते, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे आणि ते घडवणारे शास्त्रज्ञ आपल्या पुण्याचे. १९७०च्या दशकात कर्नाटकातल्या बुरुडांनी सरकारकडे गाऱ्हाणे घातले की कागद कारखान्यांमुळे जंगलातला बांबू संपत चालला आहे, आमच्या सुपा-टोपल्यांना काही उरत नाही. दांडेलीच्या कारखान्याला हा बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने देण्याचा करार झाला होता. बुरुडांना मात्र तोच बांबू त्याच्या शेकडो पट दराने बाजारातून घ्यावा लागे. सरकारने अभ्यासाचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळ यांच्याकडे दिले.

बांबू का संपतो, याचे उत्तर वनखात्याकडे तयार होते: गावकऱ्यांची गुरे कोवळे कोंब खातात आणि गावकरी बांबू तोडून नेतात. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी जंगलात गेले, बांबूची बेटे मोजली आणि गावातल्या माणसांना विचारले. बेटाच्या बुंध्याशी काट्यांची दाट जाळी असते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्यांना वास्ते म्हणतात, ते कोंब या जाळीच्या आडोशाने वाढतात आणि तोंड घालणाऱ्या जनावरांपासून वाचतात. गावकरी त्या जाळीला हात लावत नसत. कारखान्यासाठी तोड करताना मात्र बेट 'साफ' करण्याची पद्धत होती आणि तिला शास्त्रीय व्यवस्थापनाचे नाव होते. जाळी गेली की कोंब उघडे पडत. मग गुरे, गवे, माकडे, साळिंदर, सगळ्यांचीच चंगळ. नवा बांबू वर येईनासा झाला तो या साफसफाईमुळे. शिवाय ज्या साठ्याच्या भरवशावर कारखान्याला बांबू कबूल केला होता, तो खात्याचा अंदाजही प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगवलेला निघाला.

मंत्रिमहोदय, या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे सगळे धागे त्यात आहेत. तोड आणि चराई हे दोन वेगळे विषय नाहीत. चुकीच्या तोडीचे नुकसान चराईच्या नावावर सहज खपते, कारण गुराखी दिसतो, त्याला पकडता येते आणि त्याच्या बाजूने बोलणारा कागद कुठे नसतो. कोंब का मरतात, हे बुरुडाला आणि गुराख्याला माहीत होते. पण त्यांचे म्हणणे नोंदवून घेणारी, ते मोजून पाहणारी आणि निष्कर्ष खात्याच्या मंजुरीशिवाय सरकारपुढे ठेवणारी व्यवस्था नव्हती. बुरुडांनी आवाज उठवला, सरकारने ऐकले आणि योग्य माणसाची निवड झाली, म्हणून तेवढ्यापुरते सत्य बाहेर आले. अशा योगायोगावर ६१ हजार चौरस किलोमीटर सोडून द्यायचे का?

आता आपल्या राज्याकडे येऊ. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२च्या अंतरिम अहवालात कमी उत्पन्नाची मिश्र वने काढून तिथे भरघोस लाकूड देणारी लागवड करावी, अशी दिशा दिली. त्याच विचारातून राज्याराज्यांत वन विकास महामंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. त्याचा सागवान नावाजलेला आहे, हे मान्य. पण सागवानासाठी जे जंगल साफ झाले, त्यात मोह होता, तेंदू होता, चारोळी होती, ऐन, बिजा, बेहडा होता. गोंड, माडिया, कोलाम घरांत वर्षातले अनेक महिने ज्यावर चूल पेटते, ते उत्पन्न या झाडांचे. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने क्रम उलटा केला. आधी पर्यावरणाचा समतोल आणि जंगलावर जगणाऱ्यांच्या गरजा, महसूल त्यानंतर, असे देशाने ठरवले. धोरण बदलले, पण त्याप्रमाणे कूप पाडण्याची रीत किती बदलली, हे सांगणारा एकही स्वतंत्र अहवाल राज्याच्या नागरिकापुढे दरवर्षी येत नाही. विदर्भात ग्रामसभांनी आपला हक्क सांगितलेल्या जंगलात महामंडळाची तोड सुरू झाली म्हणून वाद झाले, आंदोलने झाली. प्रत्येक वेळी एका बाजूला खात्याची आकडेवारी, दुसऱ्या बाजूला गावाचे म्हणणे. मध्ये कुणी नाही.

उपग्रह आहे ना, असे सांगितले जाते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी वनाच्छादनाचा अहवाल काढते आणि तो उपयोगी आहे. पण त्याची व्याख्या काय? एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर दहा टक्क्यांहून अधिक छत्र असले की ते वनाच्छादन. मग झाडे कोणत्या जातीची, जमीन कुणाची, हे पाहिले जात नाही. आंब्याची बाग त्यात बसते, सागाची एकसुरी लागवड बसते. मिश्र जंगल तोडून साग लावला आणि तो वाढला, तर आकाशातून सगळे हिरवेच दिसते. मोह गेला, हे कळायला जमिनीवर चालावे लागते.

वृक्षलागवडीचा अनुभव तर ताजा आहे. २०१६पासून चार वर्षे राज्यात कोट्यवधी रोपे लावण्याची मोहीम झाली. २०१९च्या एकाच पावसाळ्यात ३३ कोटींचे लक्ष्य होते. किती जगली यावर इतका वाद झाला की चौकशी विधिमंडळाच्या समितीकडे सोपवावी लागली. लावणाऱ्यानेच मोजले, तर आकडा खरा असला तरी त्यावर विश्वास बसत नाही. हे खात्याचेही नुकसान आहे.

चराईबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल सभागृहात फार कमी बोलले जाते. फलटण, माण, बारामती भागातला धनगर दिवाळीनंतर मेंढ्यांचा वाडा घेऊन कोकणाकडे उतरतो, कुणी मराठवाड्याकडे जातो. विदर्भात नंदगवळी आणि कुरमार हे पशुपालक आहेत. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. या कलमाखाली गावांना थोडेफार मिळाले. वर्षभर फिरणाऱ्यांच्या पदरात ते क्वचितच पडले, कारण दावा कोणत्या ग्रामसभेत करायचा इथूनच त्यांची अडचण सुरू होते.

दुसऱ्या बाजूला १९२७चा भारतीय वन अधिनियम आहे. राखीव वनात गुरे शिरली की गुन्हा. कलम ७० त्याला १८७१च्या गुरेप्रवेश कायद्याशी जोडते, म्हणजे कोंडवाडा आजही दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यावर चालतो. कलम ६८ने वनाधिकाऱ्याला तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार दिला. पकडणारा, रक्कम ठरवणारा आणि सोडणारा एकाच खात्यातला. डोंगरकपारीत, शंभर मेंढ्या खोळंबल्या असताना, मेंढपाळ कायद्याचा कीस काढत बसत नाही. जे मागितले ते देऊन तो पुढे सरकतो. त्याला पावती मिळाली की नाही, हे तपासणारे कुणी नसते.

अतिचराई होत नाही असे म्हणणारा मी नाही. कूप पाडल्यावर काही वर्षे तो कक्ष बंद राहिलाच पाहिजे, नाहीतर फुटवे वर येत नाहीत. माळावर पवन्या आणि मारवेल जाऊन नुसती कुसळी उरली, की त्या कुरणाचे काही खरे नसते, हे जाणत्या मेंढपाळालाही पटते. पण पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर चर खोदून गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, तेव्हा काय झाले? ते माळ ओसाड नव्हते. ती लांडगा, चिंकारा, माळढोक यांची जागा होती आणि मेंढ्यांचे चराऊ रानही होते. कुरण कमी झाले की मेंढ्या डोंगरातल्या रानात शिरणार, आणि तिथल्या नुकसानीचा गुन्हा मेंढपाळावर दाखल होणार. मूळ निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न कुणी विचारायचा? ठिकठिकाणी दोन-चार गुंठ्यांना कुंपण घालून आतले आणि बाहेरचे गवत चार-पाच वर्षे मोजले, तर कुठे किती जनावरे झेपतात हे बरेच कळते. फारसा खर्च नाही, अवघड यंत्रे नाहीत. मोजणाऱ्याला कोणत्याही एका उत्तरात स्वार्थ नसावा, एवढीच अट.

आपण म्हणाल, न्यायालये आहेत, हरित लवाद आहे, महालेखापाल आहेत. एकेक पाहू. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वन व्यवस्थापनाच्या लेखी आराखड्याशिवाय, तोड नको, असा आदेश दिला आणि देशातली बेबंद तोड आवरली. तो ऐतिहासिक होता. पण आयोजना कागदावर मंजूर असणे वेगळे, आणि एखाद्या कक्षात नाल्याच्या काठची झाडे सोडली का, शिक्का मारलेलीच झाडे पडली का, हे वेगळे. त्या न्यायालयाने २००२ मध्ये नेमलेली केंद्रीय अधिकारप्राप्त समिती २०२३ मध्ये कायमस्वरूपी झाली, पण नव्या रचनेत आयुष्य सरकारी सेवेत घालवलेलीच मंडळी आली. हरित लवादाचे पुण्यात खंडपीठ आहे. मात्र लवादाच्या कायद्याच्या अनुसूचीत १९२७चा वन अधिनियम नाही आणि वनहक्क कायदाही नाही. कूपातल्या तोडीचे किंवा कोंडवाड्याचे भांडण तिथे सरळ नेता येत नाही. महालेखापाल हिशेब तपासतात, अधूनमधून कामगिरीही. फुटवे मोजत ते फिरत नाहीत आणि मेंढपाळाची तक्रार घेणे हे त्यांचे काम नाही. उच्च न्यायालय उरते. नागपूरला वकील लावण्याची ताकद गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या किती गावांत आहे?

जगात असा प्रयोग झालेला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जवळजवळ सगळी जमीन सरकारी आहे. तोड आणि चराई खाजगी परवानेधारक करतात. तिथे १९९५ मध्ये एक स्वतंत्र वनव्यवहार मंडळ स्थापन झाले. ते सरकारी यंत्रणा आणि परवानेधारक, दोघांचीही तपासणी करते. त्याच्या कक्षेत ओंडके नेणारी कंपनीही येते आणि ओढ्याकाठी गुरे सोडणारा पशुपालकही. कोणताही नागरिक तक्रार करू शकतो आणि अहवाल मंत्र्याच्या परवानगीची वाट न पाहता प्रसिद्ध होतात. त्या मंडळाला दंड करता येत नाही, काम थांबवता येत नाही. ही त्याची मर्यादा मोठी आहे. मंडळ असूनही तिथल्या पुरातन वृक्षांच्या तोडीवरून २०२१ मध्ये फेअरी क्रीक येथे हजाराहून अधिक लोकांना अटक झाली. म्हणून त्याची जशीच्या तशी नक्कल नको. त्यातला गाभा घ्यावा आणि जिथे ते कमी पडले तिथे आपले मंडळ अधिक भक्कम करावे.

कसे असावे ते? अध्यक्ष वनसेवेतला, आजी किंवा माजी, नसावा. सदस्यांत वनशास्त्र जाणणारा एक माणूस जरूर हवा, त्याच्याशिवाय काम होणार नाही. पण त्याच्या शेजारी परिसरशास्त्राचा अभ्यासक, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेतले कुणी, आणि पशुपालक समाजातले कुणी बसलेले असावे. स्त्रिया निम्म्या असाव्यात, कारण जंगलात सर्वाधिक वेळ त्यांचा जातो. पैसा विधिमंडळाने थेट मंजूर करावा, आपल्या खात्याच्या तरतुदीतून नको. दरवर्षी कूप आणि चराई कक्ष चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि जागेवर जाऊन बुंधे मोजावेत. त्यांचा मेळ हातोडा नोंदवहीशी, डेपोच्या नोंदीशी आणि वाहतूक परवान्यांशी घालावा. तीन वर्षांनी त्याच जागी परत जाऊन काय उगवले ते पाहावे. तक्रार तोंडीही घ्यावी, गोंडी-कोरकूतही घ्यावी. तक्रारदार वनरक्षक असेल तर त्याचे नाव गुप्त राहील याची कायद्यात हमी हवी. अहवाल मराठीत, संबंधित ग्रामसभेत वाचून दाखवून. खात्याने ९० दिवसांत लेखी उत्तर दिलेच पाहिजे. तोड थांबवा असे मंडळाने म्हटले आणि खात्याला ते अमान्य असेल, तर सात दिवसांत कारणे लिहून जाहीर करावीत आणि ती येईपर्यंत कुऱ्हाड खाली राहावी.

हीच तपासणी ग्रामसभांनाही लागू व्हावी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझा कल ग्रामसभांकडे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने आपल्या सुमारे हजार हेक्टरचे नियम स्वतः बसून लिहिले. आज एकट्या गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. ही महाराष्ट्राची मोठी कमाई आहे. पण शिक्का ग्रामसभेचा आणि हात कंत्राटदाराचा, असेही घडू शकते. चांगले काम करणाऱ्या गावाला तपासणीची भीती नाही; उलट 'गावाच्या हाती जंगल दिले की संपते' असे म्हणणाऱ्यांना द्यायला त्याच्याकडे बाहेरच्या माणसाने मोजलेला पुरावा येईल.

कामात आणखी एक अडथळा, असा आक्षेप खात्यातून येईल. परीक्षार्थ्याने स्वतःचा पेपर तपासायचा नसतो, हे आपण शाळेतल्या मुलाला सांगतो. राज्याच्या सर्वांत मोठ्या जमीनदाराला तेवढेच सांगायचे आहे. महाराष्ट्राने हे आधीही केले आहे. १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा करून पुढच्याच वर्षी लोकायुक्त नेमणारे हे देशातले पहिले राज्य. तेव्हाही प्रशासनाला अडचण वाटलीच असेल. प्रशासन कोलमडले नाही.

संपूर्ण राज्यासाठी कायदा करायला वेळ लागेल, हे मला मान्य आहे. तोवर शासन निर्णय काढून गडचिरोली, चंद्रपूर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांपुरती अशी तपासणी येत्या हंगामात सुरू करता येईल. पहिल्या दोन ठिकाणी कूप आणि बांबू, तिसऱ्या ठिकाणी माळरान आणि मेंढपाळ. त्या जिल्ह्यांतल्या मंजूर कार्य आयोजना, कूपांचे नकाशे आणि चराईबंद कक्षांच्या याद्या त्याआधी मराठीत जाहीर कराव्यात. त्यासाठी नव्या कायद्याची गरजच नाही. येत्या अधिवेशनात मंडळाच्या विधेयकाचा मसुदा सभागृहापुढे आणि लोकांपुढे ठेवावा, ही विनंती. मसुद्यावर हरकती-सूचना मागवाल, तेव्हा त्या मुंबईतच नव्हे, तर धानोऱ्यात, धारणीत आणि माणमध्येही ऐकाव्यात.

कळावे,

आपला नम्र,
महाराष्ट्राचा एक नागरिक